आठवा महिना, सांधेदुखी गायब आणि पांढऱ्या पेशी १४,६००... गरोदरपणात प्रतिकारशक्ती खरंच कमी होते का?

अमळनेरची_माहेरवाशीण:

नमस्कार सगळ्यांना. सध्या माहेरी आलीये, अमळनेरला, आठवा लागलाय, पहिलंच आहे. मला लग्नाच्या आधीपासून आमवात आहे, आरए फॅक्टर (आमवाताची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह वाला. सकाळी उठल्यावर बोटं अशी आखडलेली असायची की बाटलीचं झाकण फिरत नव्हतं, कळण्याची भाकरी थापायची तर मी सोडूनच दिली होती. आमवाताची मेथोट्रेक्झेट गोळी चालू होती, ती मूल हवंय म्हटल्यावर डॉक्टरांनी आधीच बंद केली, आता फक्त एचसीक्यूची (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आमवाताचीच) गोळी आणि फॉलिक अ‍ॅसिड, लोह, कॅल्शियम. मला वाटत होतं गोळ्या कमी केल्या तर नऊ महिने अंथरुणातच जातील, पण झालं उलटंच, चौथ्या महिन्यापासून दुखणं उतरत गेलं आणि आता सकाळी उठून मी स्वतः भाकरी थापते, आई नुसती बघत राहते.

आता गोंधळ असा की सगळे म्हणतात गरोदर बाईची प्रतिकारशक्ती कमी होते म्हणून जपा. आमवात म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते असं मला समजावलं होतं, म्हणजे ती कमी झाली म्हणून आराम पडला, इथवर पटतं. पण परवाच्या सीबीसी (रक्तपेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १४,६०० आल्या, बाजूला ठळक अक्षरात हाय लिहिलेलं. ओळखीच्या एकांनी रिपोर्ट बघून लगेच सांगितलं इन्फेक्शन आहे, पाच दिवस अँटिबायोटिक घेऊन टाक. मला ताप नाही, जळजळ नाही, खोकला नाही. प्रतिकारशक्ती कमी तर पेशी जास्त कशा? आणि डिलिव्हरीनंतर दुखणं परत येतं का, कारण सासूबाई आत्तापासून सांगताहेत की सव्वा महिना गार पाण्यात हात घालायचा नाही, नाहीतर वात कायमचा बसेल. कोणाला माहिती असेल तर नीट समजावून सांगा, माझी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे पण तोवर डोक्यात हेच फिरतंय.

लॅबवाला_भुसावळ:

ताई, पहिलं म्हणजे नुसत्या त्या आकड्यावर अँटिबायोटिक घेऊ नका. रिपोर्टवर जी रेंज छापलेली असते ४,००० ते ११,००० ती साध्या माणसाची असते, पोटुशी बाईची नाही. मशीनला काय माहीत पेशंट कितव्या महिन्यात आहे, तो ११,००० च्या वर गेला की हाय छापतो. गरोदरपणात साधारण ६,००० ते १६,००० पर्यंत नॉर्मलच धरतात. वाढलेल्या असतात त्या मुख्यत्वे न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, आपल्याकडे रिपोर्टमध्ये पॉली म्हणून लिहितात, तुमच्या रिपोर्टवर पॉली ७५ टक्क्यांच्या पुढे असतील बघा. आणि कळा चालू झाल्यावर सॅम्पल घेतलं तर २०,०००, कधी २५,००० च्या वर सुद्धा जातो आणि बाई एकदम ठणठणीत असते. बाळंतपणानंतर काही दिवसांत उतरायला लागतो.

ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) पण केला असेल तर तो पण वाढलेला येणार, त्याच्यावरून आमवात वाढला असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, गरोदरपणात रक्तातलं फायब्रिनोजन वाढतं, त्यात हिमोग्लोबिन कमी असलं की ईएसआर अजून वर जातो, त्यामुळे त्या काळात तो काही कामाचा नसतो.

फक्त एक करा, लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) झालेलं नसेल तर करून घ्या. गरोदरपणात लघवीत जंतू असून काहीच त्रास नसतो असं काही बायकांत होतं आणि ते सोडून दिलं तर किडनीपर्यंत जाऊ शकतं. कल्चरमध्ये काही निघालं तर त्यावरचं औषध डॉक्टर देतीलच, ते घ्यायचंच. पण आकडा बघून अंदाजाने गोळी नको.

मायक्रोबायो_जळगाव:

मी जळगावच्या एनएमयू विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, हा माझा आवडीचा विषय, थोडं लांब लिहितोय पण वाचा.

"प्रतिकारशक्ती कमी होते" हे वाक्यच चुकीच्या वाटेला नेतं. शेतात बारं देताना एक दार बांधून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवतात, विहिरीचं पाणी तेवढंच असतं, तसं आहे हे. काही बाजू शांत केल्या जातात, काही जास्त जागत्या ठेवल्या जातात. तुमचा रिपोर्ट आणि तुमचे सांधे दोन्ही एकाच वेळी खरे आहेत ते त्यामुळेच. न्यूट्रोफिल वगैरे जी पहिल्या फळीची यंत्रणा आहे ती गरोदरपणात जास्त तयार असते आणि टी-पेशींचा जो नेम धरून हल्ला करणारा भाग आहे तो बराच आवरलेला असतो.

आवरावा का लागतो ते बघा. बाळाचे निम्मे जीन्स वडिलांचे, म्हणजे आईच्या शरीराच्या हिशोबाने ते निम्मं परकं. दुसऱ्याची किडनी बसवली तर जन्मभर गोळ्या खाव्या लागतात आणि इथे नऊ महिने परका जीव आत वाढतो आणि शरीर त्याला काही करत नाही. हा प्रश्न पीटर मेदावार नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडला, त्यालाच पुढे १९६० चं नोबेल मिळालं, सहनशीलतेवरच्या कामासाठी, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर अजूनही लोक तुकड्यातुकड्याने शोधतच आहेत.

जे कळलंय त्यातलं थोडं सांगतो. वारेच्या ज्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात त्या आपली नेहमीची ओळखपत्रं, एचएलए ए आणि बी, दाखवतच नाहीत, त्याऐवजी एचएलए जी नावाचं एक वेगळंच दाखवतात, जे बघून आईच्या मारक पेशी थंड होतात. गर्भाशयाच्या अस्तरात पहिल्या तीन महिन्यांत ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यातल्या ७० टक्क्यांच्या आसपास एनके म्हणजे नॅचरल किलर पेशी असतात, नाव किलर पण तिथे त्या मारत नाहीत, उलट आईच्या रक्तवाहिन्या रुंद करायला मदत करतात म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळावं. हे काम अर्धवट राहिलं तर पुढे बीपी वाढण्याचा, प्रीएक्लॅम्पसियाचा धोका असतो. म्हणजे बघा, बाळ टिकायला प्रतिकारशक्ती नुसती गप्प बसून चालत नाही, तिने काम करावं लागतं.

आणि तिसरं म्हणजे रेग्युलेटरी टी-पेशी, टी-रेग म्हणतात. बाकीच्या पेशींना आवरणं हेच यांचं काम. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल साकागुची, ब्रुन्को आणि रॅम्सडेल या तिघांना याच पेशींवरच्या कामासाठी मिळालं. गरोदरपणात या वाढतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगात या काढून टाकल्या तर पिल्लं पोटात टिकत नाहीत. तुमच्या सांध्यांना जो आराम पडलाय त्यात यांचा हात असावा असं मानतात, सोबत प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल या वाढलेल्या हार्मोन्सचाही.

गरोदरपणात आमवात उतरतो हे नवीन नाही. अमेरिकेतल्या फिलिप हेंच या डॉक्टरने १९३० च्या दशकातच हे टिपून ठेवलं होतं, त्यावरूनही त्याला वाटलं शरीरात असा काहीतरी पदार्थ वाढत असणार ज्याने सांधे सुधारतात, आणि तो माग काढत काढत कॉर्टिझोनपर्यंत पोचला, १९५० चं नोबेल. आज जगभर सांधेदुखीला स्टिरॉइड देतात त्याच्या मुळाशी तुमच्यासारख्या पोटुशी बायकांचा अनुभव आहे, हे मला फार मोठं वाटतं. सगळ्यांनाच आराम पडतो असं नाही, साधारण निम्म्या किंवा थोड्या जास्त बायकांना पडतो. आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती अनेक अवयवांवर उठते तो आजार) असेल तर उलट वाढूही शकतो, त्यामुळे वाताच्या सगळ्या आजारांना हाच नियम लावू नका.

यावलचा_भाऊ:

मधेच विचारतो माफ करा. माझ्या मिसेसला सातवा चालू आहे, काल रात्रीपासून ताप १०१, अंग दुखतंय. घरचे म्हणतात उन्हाळा आहे, पोटात उष्णता आहे, ओल्या पट्ट्या ठेवा. उद्या परवा बघू असं चाललंय.

सिस्टरताई_धुळे:

@यावलचा_भाऊ दादा उद्या परवा नाही, आत्ता घेऊन निघा. सातव्या महिन्यात १०१ ताप म्हणजे उन्हाळा म्हणून सोडायचा विषय नाही. मलेरिया, डेंग्यू, लघवी, सगळं तपासतील. सध्या पॅरासिटामोल देऊ शकता, पण डायक्लो, आयब्रुफेन, कॉम्बिफ्लाम असलं काही देऊ नका, विसाव्या आठवड्यानंतर टाळायचं असतं, शेवटच्या महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली तर तेही सांगा. आपल्याकडे कावीळ म्हटलं की आधी गावठी औषध आणि माळ घालायला नेतात, पोटुशी बाईला ते करू नका, हात जोडून सांगते. साठवलेल्या दूषित पाण्यातून जी कावीळ होते, हिपॅटायटिस ई, ती इतरांना महिनाभरात बरी होते पण शेवटच्या तीन महिन्यांत तीच जीवावर बेतते, साथीत अशा बायकांत शंभरात २० च्या वर मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

आता मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईसाठी. वर मायक्रोबायो भाऊंनी छान लिहिलंय, मी त्यात लेबर रूममधलं सांगते कारण ते शेवटच्या आठवड्यांपर्यंतच आलेत. सुरुवातीला गर्भ रुजताना थोडी सूज, थोडी चिडचिड लागतेच, मधले महिने शांत, आणि शेवटी शरीर मुद्दाम परत सूज चालू करतं. जंतू नसतात, पण जखम झाल्यावर जी यंत्रणा धावून येते तीच गर्भाशयात येते. न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज या पेशी पिशवीच्या तोंडात आणि स्नायूत शिरतात, इंटरल्युकिन नावाची सूज वाढवणारी रसायनं सोडतात, त्यातून तोंडाचा घट्ट कोलॅजन सुटा होतो. आम्ही पीव्ही (आतून तपासणी) करून म्हणतो ना, तोंड कडक आहे, किंवा आता मऊ पडलं, ते मऊ पडणं म्हणजे हेच. मग प्रोस्टाग्लँडिन वाढतात आणि कळा येतात. मधल्या महिन्यांत हे सगळं प्रोजेस्टेरॉन दाबून ठेवत असतं, शेवटी त्याचा रक्तातला आकडा पडत नाही पण गर्भाशय त्याचं ऐकेनासं होतं.

तारीख उलटली की जेल ठेवतात हे सगळ्यांनी ऐकलंय, ते जेल म्हणजे हेच प्रोस्टाग्लँडिन, शरीर जे स्वतः बनवतं तेच आपण बाहेरून देतो. म्हणून कळांच्या वेळी पांढऱ्या पेशी २०,००० दिसल्या तर आम्ही आधी बाईकडे बघतो, ताप आहे का, नाडी किती, पाणी जाऊन किती तास झाले, पाण्याला वास आहे का. आकडा एकटा काही सांगत नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की शरीराची ही चावी जंतू पण फिरवू शकतात. लघवीचं किंवा अंगावरून जाण्याचं इन्फेक्शन अंगावर काढलं तर तीच सूज सातव्या आठव्या महिन्यात पेटते आणि बाळ वेळेआधी येतं. आपल्याकडे एप्रिल मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो, बायका शेतात नाहीतर प्रवासात असतात, आडोसा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, लघवी तासन्‌तास धरून ठेवतात. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं कारण इतक्या साध्या कारणाने सातव्यात आलेली बाळं मी काचेच्या पेटीत बघितलीयेत. ताई, तू पाणी भरपूर पी, उकळून गार केलेलं.

पारोळ्याची_काकू:

मला ३० वर्षांपासून आमवात आहे, दोन बाळंतपणं झाली. बेटा, तुझं वाचून अगदी माझंच वाटलं. मलाही दोन्ही वेळा पोटुशी असताना आराम होता आणि दोन्ही वेळा बाळंतपणानंतर परत आलं. पहिल्या वेळी बाळ दोन महिन्यांचं होतं, गुडघे आणि मनगटं अशी सुजली की बाळाला उचलताना हात सुटेल अशी भीती वाटायची. आणि घरात सगळे म्हणाले हिने सव्वा महिना पाळला नाही, मोरीत गार पाण्याने बाळाचे लंगोट धुतले म्हणून वात शिरला. डिंकाचे लाडू खाल्ले, बाळंतशेपा खाल्ल्या, शेक घेतला, सगळं केलं होतं मी, तरी दोष माझाच. कितीतरी वर्षं मी ते मनात धरून होते. दुसऱ्या वेळी नाशिकला एका वाताच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं की हे होणारच होतं, गार पाण्याने नाही, आणि आधीच सांगून ठेवलं असतं तर गोळ्या लगेच चालू करता आल्या असत्या. त्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये रडले.

म्हणून तुझ्या सासूबाईंना प्रेमाने पण आत्ताच सांगून ठेव. गार पाण्याने आखडलेले हात जास्त दुखतात हे खरं, म्हणून कोमट पाणी वापर, पण आजार त्याने येत नाही. लाडू खा, आराम कर, पहिले महिने कामाला कोणीतरी असू दे, ते सगळं चांगलंच आहे. फक्त दार खिडक्या लावून ओव्याची धुरी आणि शेगडी नको, बाळाच्या छातीत धूर जातो. बठं चांगलं व्हई माय, घाबरू नको.

मायक्रोबायो_जळगाव:

काकू, तुमचं वाचून खरंच वाईट वाटलं, आणि तुमच्या डॉक्टरीणबाई शंभर टक्के बरोबर. वार पडली की प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन काही तासांत-दिवसांत धाडकन खाली येतात, कॉर्टिसॉलही उतरतं, दूध यायला लागणारं प्रोलॅक्टिन चढं असतं आणि ते सूज वाढवणाऱ्या बाजूचं आहे, टी-रेगचा जोर ओसरतो. नऊ महिने आवरून धरलेला भाग मोकळा होतो. पहिले तीन ते सहा महिने जास्त जपायचे. एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जातंतूंवर उठते तो आजार) रुग्णांतही हेच, शेवटच्या तिमाहीत झटके कमी आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत जास्त, १९९८ मध्ये युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासात हे नीट मोजलं गेलं. थायरॉइडचंही तसंच, बाळंतपणानंतर वर्षभरात काहींना थायरॉइडला सूज येते, बाई चिडचिडी होते, छातीत धडधडतं, नंतर गळून जाते, आणि घरचे म्हणतात बाळंतिणीला नजर लागली. एक साधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी असते.

अजून एक सांगतो कारण ते मला विसरता येत नाही. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात जातात आणि तिथेच राहतात, १९९६ मध्ये एका आईच्या रक्तात मुलगा जन्मल्यानंतर २७ वर्षांनी त्या सापडल्या होत्या.

अमळनेरची_माहेरवाशीण:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, काकू तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली, सासूबाईंना फोनवर पण सांगणार आहे. अँटिबायोटिक घेत नाहीये, लघवीचं कल्चर उद्या देते. दोनच गोष्टी राहिल्या. बाळंतपणानंतर दुखणं आलं आणि गोळ्या चालू केल्या तर अंगावर पाजता येईल ना? आणि आमवात असताना धनुर्वाताचं इंजेक्शन किंवा फ्लूची लस घेतली तर प्रतिकारशक्ती खवळून दुखणं परत येईल का, म्हणून मी अजून दुसरं इंजेक्शन घेतलेलं नाही.

सिस्टरताई_धुळे:

इंजेक्शन घे, थांबू नकोस. टीडीचे दोन डोस सरकारी दवाखान्यात, उपकेंद्रातही फुकट मिळतात, आता टीटी ऐवजी टीडी आहे, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हीचं. फ्लूची आणि डांग्या खोकल्याची टीडॅप खाजगीत मिळते, टीडॅप २७ ते ३६ आठवड्यांत घ्यायची असते म्हणजे तुझी वेळ आत्ताच आहे, तपासणीला गेलीस की विचार. टीडॅप घेतली तर त्यात टीडीचा भाग येतोच, म्हणून कुठली घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घे, दोन्ही नको. या मेलेल्या जंतूंच्या किंवा नुसत्या अंशाच्या लसी आहेत, आमवातात चालतात. गोवर, कांजिण्या यांच्या जिवंत लसी मात्र गरोदरपणात देत नाहीत.

आणि ही लस फक्त तुझ्यासाठी नसते. आईच्या रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी वारेतून बाळाकडे जातात, सगळ्यात जास्त शेवटच्या तीन महिन्यांत, पूर्ण दिवसांच्या बाळाच्या नाळेत तर आईपेक्षाही जास्त सापडतात. पहिले काही महिने बाळ त्यावरच असतं, म्हणून तर वेळेआधी आलेलं बाळ कमकुवत, त्याला हा वाटा पूर्ण मिळालेलाच नसतो. गायी-म्हशींच्या वारेतून हे जातच नाही, सगळं चिकातून जातं, म्हणून गोठ्यातला माणूस वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजायला धडपडतो. आपल्या बाळाला वारेतून मिळालेलं असतं तरी पहिलं घट्ट पिवळं दूध पिळून टाकू नकोस, त्यात आयजीए नावाची अँटिबॉडी असते, ती बाळाच्या आतड्याला जंतूंपासून सांभाळते. मध नको, गुटी नको, पहिल्या तासात अंगावर घे.

गोळ्यांचं म्हणशील तर एचसीक्यू चालू ठेवून पाजता येतं, कमी डोसचं प्रेडनिसोलोन आणि सल्फासॅलाझिनही बहुतेक वेळा चालतं. मेथोट्रेक्झेट मात्र पाजत असताना नाही, ती घरात जुनी पडलेली असेल तर दुखायला लागलं म्हणून स्वतःहून घेऊ नकोस. आणि वाताच्या डॉक्टरांची तारीख बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आतली आत्ताच घेऊन ठेव, बाळ झाल्यावर कोणाला सुचत नाही. बाळंतपणानंतर ताप १००.४ च्या वर गेला, अंगावरून घाण वास यायला लागला किंवा टाक्याजवळ लाल गरम झालं तर ते वाताचं किंवा दुधाचं समजून घरी बसू नको, लगेच दाखव.

यावलचा_भाऊ:

सिस्टरताई, दुपारीच घेऊन आलो जळगावला. लघवीत इन्फेक्शन निघालं, सलाईन चालू केलंय, मलेरिया डेंग्यू निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले दोन दिवस अ‍ॅडमिट ठेवू, बाळाचे ठोके चांगले आहेत.

लॅबवाला_भुसावळ:

बरं केलं दादा. पांढऱ्या पेशी किती आल्या ते डॉक्टरांना बघू द्या, पण औषधाचा कोर्स संपल्यावर लघवीचं कल्चर परत एकदा नक्की करा, पहिल्यांदा साफ झालेलं दिसतं आणि आठव्या नवव्यात परत उलटतं.